ल्हासाच्या वाटेवरचा विद्यार्थी

मिशनरी प्रवासवर्णने आपण बहुधा दोन गोष्टी शोधत वाचतो. धर्मगुरूंनी किती हालअपेष्टा सोसल्या आणि किती जणांना बाप्तिस्मा दिला! आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी वाचलेली संतचरित्रे याच घाटाची होती. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४४ साली कोचीनहून धाडलेल्या पत्रात बाप्तिस्मा देऊन देऊन हात थकल्याचा उल्लेख आहे. तो ऐकून कोणाचे मन भरून आले नसेल? परंतु याच दोन मापांनी फादर इप्पोलितो देसिदेरी यांचा तिबेटविषयक ग्रंथ मोजू गेल्यास तो निम्माच हाती लागतो. हाल त्यात पुष्कळ आहेत, बाप्तिस्म्यांची मोठी संख्या मात्र नाही. असे असूनही मिशनरी वाङ्मयात या ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

देसिदेरींचा जन्म इटलीतील पिस्तोइया येथे १६८४ साली झाला. येशूसंघात प्रवेश केलेला हा तरुण धर्मगुरू १७१३ मध्ये गोव्यास उतरला. सुरत, दिल्ली, श्रीनगर असा मार्ग आक्रमीत, फादर मानुएल फ्रेयरे या वडीलधाऱ्या पोर्तुगीज सहकाऱ्यासह, ते १७१५ च्या जून महिन्यात लेहला पोहोचले. काश्मीर ते लेह ही सुमारे चाळीस दिवसांची वाट त्यांनी पायी तुडविली. लेहच्या राजाने स्वागत केले. तेथेच राहावे असे देसिदेरींच्या मनात होते, पण वडीलकीचा अधिकार फ्रेयरे यांचा होता. दोघे पुढे निघाले आणि एका मंगोल अधिकारी स्त्रीच्या तांड्याच्या आश्रयाने पश्चिम तिबेटचे निर्जन पठार ओलांडून १८ मार्च १७१६ रोजी ल्हासाला पोहोचले. या स्त्रीविषयी देसिदेरींनी जी कृतज्ञता व्यक्त केली आहे, ती ग्रंथातील हृद्य भागांपैकी एक आहे. सुवार्ता सांगावयास निघालेला माणूस प्रथम दुसऱ्याच्या दयेवर जगला, हे ते लपवीत नाहीत.

ग्रंथाचे चार भाग आहेत. पहिल्यात प्रवास, दुसऱ्यात देश, चालीरीती व राज्यव्यवस्था, तिसऱ्यात तेथील धर्म आणि चौथ्यात परतीची वाट. सामान्य वाचक पहिल्या भागावर लुब्ध होईल, पण ग्रंथाचा प्राण तिसऱ्या भागात आहे. ल्हासाचा अधिपती ल्हाझांग खान याने त्यांना राहण्याची व धर्म शिकविण्याची मुभा दिली. ६ जानेवारी १७१७ रोजी देसिदेरींनी तिबेटी भाषेत लिहिलेले आपले पहिले पुस्तक त्याला अर्पण केले. खानाने ते वाचले आणि सुचविले, की आमच्या पंडितांशी वाद करावयाचा तर आधी आमचे ग्रंथ शिका. देसिदेरींनी हे आव्हान मनापासून स्वीकारले. प्रथम रामोचे आणि नंतर सेरा या विख्यात मठात ते विद्यार्थी म्हणून जाऊन बसले.

'शून्यता' या बौद्ध संकल्पनेशी त्यांनी दिलेली झुंज मुळातूनच वाचावी. अर्थ लागेना, तेव्हा ते तेथील विद्वानांना विचारू लागले. त्यांनाही तो नीटसा उलगडून सांगता येईना. देसिदेरींनी प्रार्थना केली, तीच पाने पुन्हा पुन्हा वाचली आणि अखेरीस त्यांना वाट सापडली. ज्या सिद्धान्ताचे खंडन करावयाचे, तो समजावा म्हणून देवाकडे प्रकाश मागणारा हा मिशनरी मला मोठा वाटतो. आपल्या भारतीय परंपरेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्णपणे मांडावे लागते, त्यास 'पूर्वपक्ष' म्हणतात. देसिदेरींनी तो धर्म पाळला. तिबेटी लोकांच्या श्रद्धेची तत्त्वे त्यांना चुकीची वाटली, परंतु त्यांचे नीतिनियम विवेकाला धरून आहेत आणि त्यांची भक्ती पाहून आपल्यालाच लाज वाटते, हे त्यांनी मोकळेपणाने नोंदविले.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अभ्यास खंडनासाठी होता, हे विसरता येत नाही. दलाई लामांच्या पुनर्जन्माचा उलगडा करताना ते सैतानाची करणी पुढे करतात. तेथे त्यांच्यातील विद्यार्थी गप्प होतो आणि त्यांचे शतक बोलू लागते. फ्रेयरे यांनाही या ग्रंथात न्याय मिळालेला नाही. शिवाय काही भागांत प्रवासवर्णनाचा सूर सुटून वकिली कैफियतीचा सूर लागतो.

त्याला कारण होते. १७१७ च्या अखेरीस झुंगार सैन्याने ल्हासा लुटले, खान मारला गेला आणि देसिदेरी दाक्पो प्रांतात आश्रयास गेले. तेथेही त्यांचे तिबेटी लेखन थांबले नाही. त्यांचे कार्य तलवारीने थांबविले नाही, ते घरच्याच वादाने थांबविले. रोमच्या श्रद्धाप्रसार मंडळाने तिबेटचे क्षेत्र आधीच कपुचिन बंधूंना सोपविले होते. आज्ञा आली आणि १७२१ च्या एप्रिलमध्ये देसिदेरींनी ल्हासा सोडले. रोममध्ये चाललेल्या वादाचा अंतिम निकाल १७३२ च्या नोव्हेंबरात येशूसंघाविरुद्ध लागला. पुढच्या एप्रिलमध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, देसिदेरी निवर्तले. ग्रंथाचे हस्तलिखित १८७५ मध्ये उजेडात आले. १९०४ मध्ये कार्लो पुईनी यांनी त्याचा बराच भाग छापला, १९३२ मध्ये संक्षिप्त इंग्रजी आवृत्ती निघाली आणि २०१० मध्ये इंग्रजीत संपूर्ण भाषांतर झाले.

मग या प्रवासाचे फळ काय? आपल्या मराठी ख्रिस्ती वाचकाला याचे उत्तर परके वाटू नये. देसिदेरी ल्हासाला पोहोचले, त्याच्या बरोबर १०० वर्षे आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण राशोलला छापले गेले होते. स्टीफन्स यांनी आपली ओवी आत्मसात केली, देसिदेरींनी तिबेटी पंडितांची वादपद्धती. ज्याला सांगावयाचे त्याची भाषा आधी ऐकावी, ही दोघांची रीत एकच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींविषयी आदर बाळगण्यास सांगितले. देसिदेरी तेथवर पोहोचले नव्हते, परंतु त्या दिशेची अवघड चढण त्यांनी पायी चढलेली होती.

आपण हिमालय ओलांडावयास जाणार नाही. पण शेजारच्या घरी ज्ञानेश्वरीचे पारायण बसते, तेव्हा त्यात काय वाचले जाते, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? हा ग्रंथ मिटताना हाच प्रश्न माझ्या मनात राहिला. तो मी वाचकांच्या स्वाधीन करतो.