आप्तता, उसनवारी आणि योगायोग

दोन कलाकृती शेजारी मांडणे हे एक विधानच असते. ते शब्दांवाचून केलेले असल्यामुळे त्याला पुरावा मागण्याचे भान प्रेक्षकाला सहसा राहत नाही. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये सप्टेंबर १९८४ ते जानेवारी १९८५ या काळात भरलेले ‘विसाव्या शतकातील कलेतील “आदिमवाद” : आदिवासी आणि आधुनिक यांची आप्तता’ हे प्रदर्शन या दृष्टीने अभ्यसनीय आहे. विल्यम रुबिन यांनी कर्क व्हार्नेडो यांच्या सहकार्याने सिद्ध केलेल्या या प्रदर्शनात सुमारे १५० आधुनिक कलाकृतींसमवेत आफ्रिका, ओशनिया व उत्तर अमेरिका येथील २०० हून अधिक वस्तू होत्या.

उसनवारीच्या बाबतीत रुबिन यांची शिस्त कडक होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पिकासोच्या १९०७ मधील ‘ले दम्वाझेल दाव्हिन्यों’ या चित्राचे मूळ म्हणून पूर्वीचे अभ्यासक ज्या मुखवट्यांकडे बोट दाखवीत, ते त्या वेळी पिकासोच्या पाहण्यात येणे शक्य नव्हते, असे त्यांनी प्रतिपादिले. परंतु प्रभावाचा दावा जेथे गळून पडला, तेथे ‘आप्तता’ हा शब्द पुढे आला. पिकासोच्याच १९३२ मधील ‘आरशापुढील तरुणी’शेजारी क्वाकिउट्ल मुखवटा मांडला गेला, तो केवळ सादृश्याच्या बळावर.

भाषाशास्त्रात एवढ्याने भागत नाही. मराठीतील ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. ही उसनवारी होय. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ हे शब्द ध्वनीने व अर्थाने जुळतात. तथापि तो निव्वळ योगायोग होय. आप्तता सिद्ध होते ती नियमित अनुरूपतेच्या मालिकेने, निवडक जोड्यांनी नव्हे. येथे तर जोड्या निवडणारी दृष्टी एकाच पक्षाची होती.

याचा प्रत्यय नामपट्टिकांतही येतो. आधुनिक कृतीला कर्ता आणि साल. दुसऱ्या बाजूस व्यक्तीऐवजी जमातीचे नाव. या वस्तूंचा काळ व प्रयोजन सांगितलेले नाही, हा टॉमस मॅकएव्हिली यांचा ‘आर्टफोरम’मधील (नोव्हेंबर १९८४) आक्षेप म्हणूनच वर्मी लागणारा ठरला. आधुनिक कलावंतांनी या वस्तूंकडे कसे पाहिले, एवढाच आपला विषय आहे, ही रुबिन यांची भूमिका ‘आदिमवादा’पुरती ग्राह्य आहे. आप्ततेला मात्र ती लागू पडत नाही. कारण आप्तसंबंध उभयपक्षी असतो.

१९८९ मध्ये पॅरिसला पाँपिदू केंद्र व ला व्हिलेत येथे जाँ-युबेर मार्तँ यांनी भरविलेल्या ‘पृथ्वीचे जादूगार’ या प्रदर्शनात पाश्चात्त्य व पाश्चात्त्येतर कलावंत साधारण सारख्या संख्येने, आणि नावानिशी होते. महाराष्ट्रातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे त्यांपैकी एक. निवडीचा अधिकार तेथेही पॅरिसकडेच राहिला. परंतु ज्यांच्याशी नाते सांगायचे त्यांना नाव व काळ देणे ही किमान अट तेथे पाळली गेली. संग्रहालयीन मांडणीचे परीक्षण करताना अभ्यासकाने या अटीपासूनच आरंभ करणे इष्ट आहे.