‘ऐच्छिक’ ह्या शब्दाविषयी : ईमॅक्सच्या बांधणी-पत्रकाचे एक वाचन

एखाद्या टेक्स्ट एडिटरसोबत येणाऱ्या बांधणी-पत्रकाचे परीक्षण ह्या पत्रिकेत यावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. असली पत्रके काम होईपर्यंत वाचावयाची आणि मग विसरावयाची असतात, असा आपला समज आहे. तथापि देवनागरी मजकूर पडद्यावर जोडाक्षरांसह उमटावयाचा, की पाय मोडलेल्या व्यंजनांची रांग होऊन उमटावयाचा, हे ज्या पत्रकाच्या एका परिच्छेदावर अवलंबून राहते, ते भाषाभ्यासकाने एकदा तरी सावकाश वाचावयास हवे. त्या परिच्छेदातील एका शब्दाविषयीच मला येथे लिहावयाचे आहे. मात्र तो शब्द का खटकतो हे कळण्यासाठी प्रथम बांधणीची रीत सांगणे भाग आहे.

ग्नू ईमॅक्स हा एडिटर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. तो तयार स्वरूपात मिळतो, तसाच मूळ आज्ञावलीच्या, म्हणजे सोर्स कोडच्या, स्वरूपातही मिळतो. मूळ आज्ञावली हा माणसाने लिहिलेला आणि माणसास वाचता येणारा मजकूर होय. त्यावरून आपल्या यंत्रापुरता चालता एडिटर आपणच तयार करावयाचा, यास बांधणी म्हणतात. गाठोडे सोडवावे, आत जाऊन ‘कॉन्फिगर’ चालवावे, मग ‘मेक’ आणि शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ द्यावे, एवढाच हा विधी आहे. पहिली पायरी यंत्राची उलटतपासणी करते: अमुक लायब्ररी आहे काय, तमुक आहे काय. प्रत्येक प्रश्नापुढे होय वा नाही असे उत्तर छापले जाते आणि अखेरीस एक गोषवारा येतो. दुसऱ्या पायरीत सी भाषेतील गाभा बांधून ‘टेमॅक्स’ नावाचा एक उघडा-बोडका एडिटर प्रथम जन्मास येतो. त्यात लिस्प भाषेतील फाइली भरल्या जातात, आणि त्या भरलेल्या अवस्थेचा ठसा साठवून खरा ईमॅक्स सिद्ध होतो. तिसरी पायरी तयार वस्तू जागच्या जागी नेऊन ठेवते. घरच्याच निर्देशिकेत ठेवावयाची असल्यास ‘प्रीफिक्स’ म्हणून तिचा पत्ता पहिल्या पायरीतच द्यावा, म्हणजे व्यवस्थापकाच्या परवानगीसाठी खोळंबावे लागत नाही.

टेमॅक्समध्ये भरल्या जाणाऱ्या लिस्प फाइलींत ‘इंडियन’ नावाची एक आहे. तयार एडिटर वापरणाऱ्याच्या नजरेस ती सहसा पडत नाही. बांधणी करणाऱ्याच्या ती हाताशीच असते. तीत देवनागरी अक्षराचे व्याकरण चार-पाच ओळींच्या सूत्रात दिलेले आहे. सूत्र हा शब्द मी शिथिलपणे वापरीत नाही. प्रत्येक वर्णगटास एकेक संज्ञा प्रथम दिलेली आहे: व्यंजनास एक, स्वरास एक, हलन्तचिन्हास एक, नुक्त्यास एक, जोडक व विभाजक ह्या दोन अदृश्य चिन्हांस एकेक, आणि ‘र’ ह्या एकट्या वर्णास स्वतंत्र संज्ञा. मग त्या संज्ञांत नियम सांगितला आहे: व्यंजन, हवा तर नुक्ता, पुढे हलन्त आणि व्यंजन ही जोडी कितीही वेळा, शेवटी एक तर हलन्त, नाही तर स्वरचिन्हे व अनुस्वार-विसर्ग. ‘कार्त्स्न्य’ शब्दातील पाच व्यंजनांचे अक्षर ह्या नियमात अडखळत नाही. स्वरावर रेफ येण्याची सोय निराळी केलेली आहे, म्हणून ‘नैर्ऋत्य’ही सुखरूप निभावते. स्वरांच्या यादीत मराठीचा ‘ॲ’ आहे. वैदिक स्वरांकनात स्वरचिन्हे घेऊन येणारे १ आणि ३ हे अंकसुद्धा विसरलेले नाहीत. ज्यांनी हे लिहिले त्यांनी लिपीकडे वरवर पाहिलेले नाही, ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

एक आक्षेप मात्र नोंदवितो. ह्या फाइलीतील टिपणीत सदर घटकास इंग्रजीत उच्चारावयवाचे नाव दिले आहे. वस्तुतः हे लेखनातील अक्षर आहे, उच्चारातील अवयव नव्हे. ‘शब्द’ हा शब्द आपण ‘शब्-द’ असा उच्चारतो. लिहिताना मात्र ‘श’ आणि ‘ब्द’ अशी फोड पडते. मराठीत हा भेद विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. पहिल्यात र मागच्या स्वरास जाऊन टेकतो व तेथे आघात येतो; दुसऱ्यात तो पुढच्या य कडे झुकतो. रेफ आणि अर्धा ऱ अशी दोन चिन्हे राखून मराठी लेखनाने हा उच्चारभेद डोळ्यांस दाखविला. सूत्राच्या लेखी दोन्ही ठिकाणी व्यंजन, हलन्त, व्यंजन एवढेच घडते. पडद्यावर जे निराळे रूप उमटते ते पुढच्या पायरीवर, फॉन्ट आणि त्याचा अर्थ लावणारे आकारयंत्र यांच्या सहकार्याने. सूत्र ‘इथून इथवर एक अक्षर’ एवढेच सांगून थांबते.

येथेच तो परिच्छेद येतो. अक्षराची हद्द ठरली तरी तिच्या आतील चिन्हांची मांडणी कोणी तरी करावयास हवी. हे काम आज ईमॅक्समध्ये हार्फबझ नावाची लायब्ररी करते. २०२० साली आलेल्या २७व्या आवृत्तीपासून तिला अग्रमान मिळाला. नाव फारसी आहे, आणि त्यातील ‘हर्फ’ म्हणजे अक्षर. बांधणी-पत्रक तिची शिफारस करते, हे खरे. परंतु ती ज्या वाक्यात सुरू होते त्याचा आशय असा: भारतीय व ख्मेर यांसारख्या जटिल लिपी अचूक दाखविण्यासाठी ईमॅक्सला ऐच्छिक लायब्रऱ्यांची गरज असते. गरज आणि ऐच्छिक हे दोन शब्द एकाच वाक्यात शेजारी नांदतात. अचूक दिसण्यासाठी जे गरजेचे, ते ऐच्छिक कोणाच्या दृष्टीने? उत्तर ‘जटिल’ ह्या विशेषणात दडलेले आहे. रोमन लिपीत एकामागून एक चिन्ह मांडले की काम भागते. ते प्रमाण धरले म्हणजे उरलेल्या लिपी जटिल होतात आणि त्यांची सोय वरकड ठरते. देवनागरी लिहिणाऱ्या मुलास ‘कि’मधील वेलांटी जटिल वाटत नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नाही, हे पहिल्या पायरीच्या वर्तनावरून दिसते. लिनक्सवर एक्स ह्या खिडक्यांच्या व्यवस्थेसाठी बांधणी करताना जेपेग किंवा जिफ चित्रांची लायब्ररी सापडली नाही, तर कॉन्फिगर तेथेच थांबते, आवश्यक लायब्ररी नाही असे सांगते, आणि तरीही पुढे जावयाचे असेल तर काय लिहावे तेही सांगते. हार्फबझ सापडली नाही, तर गोषवाऱ्यात ‘नाही’ असे लिहून काम पुढे चालू राहते. चित्र आवश्यक, अक्षर ऐच्छिक! ज्याने हा क्रम लावला त्याच्या मनात दुष्टावा होता असे मी म्हणणार नाही. त्याला हा प्रश्नच पडला नसावा.

ह्यावर एक योग्य आक्षेप संभवतो. ईमॅक्स खिडकीविना, नुसत्या टर्मिनलमध्येही चालतो. तेथे अक्षरांची मांडणी टर्मिनल करते, मग ही लायब्ररी सक्तीची का असावी? आक्षेप बरोबर आहे, पण तो चित्रांसही तितकाच लागू पडतो, आणि चित्रांच्या बाबतीत तो सोडविलेलाही आहे: खिडकी नको असेल तर त्या लायब्रऱ्यांचा आग्रह धरला जात नाही. तोच नियम हार्फबझला लावण्यास अडचण कोणती, हे मला दिसत नाही.

माझी स्वतःची पहिली बांधणी ह्याच ‘नाही’ने फसली. हार्फबझ माझ्या यंत्रावर होती. इतर कार्यक्रम तिच्यावर चालतच होते. परंतु बांधणीस लायब्ररीबरोबर तिच्या हेडर फाइली लागतात, आणि त्या वितरणात वेगळ्या पुडक्यात येतात, हे माझ्या ध्यानी आले नव्हते. गोषवारा मी वाचला नाही, कारण काम थांबले नव्हते. पुढे बोलीच्या ध्वनिमुद्रणांवरून उतरविलेला मजकूर उघडला, तेव्हा ‘स्थिती’तील पहिली वेलांटी थ च्या पलीकडे जाऊन बसलेली दिसली. व्याकरणाची ती फाइल आत होती, सूत्र शाबूत होते. ते अंमलात आणणारे कोणी नव्हते. हेडर आणून पुन्हा बांधणी केली. तेव्हापासून ‘मेक इन्स्टॉल’ देण्यापूर्वी ‘एसआरसी’ निर्देशिकेतील नवा ईमॅक्स जागेवरच चालवून पाहतो. त्यासोबत ‘हेलो’ नावाची एक फाइल येते, तीत अनेक भाषांतील अभिवादने आहेत. पण ‘नमस्कार’ नीट दिसला म्हणून परीक्षा झाली असे समजू नये. ‘तऱ्हा’, ‘नैर्ऋत्य’ आणि ‘कार्त्स्न्य’ हे तीन शब्द लिहून पाहावेत.

मांडणी नीट झाल्यावर एक नवी अडचण उघडकीस येते, आणि तिचा दोष ईमॅक्सकडे नाही. ‘दऱ्या’तील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: बिंदूचा ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडक आणि य. दुसरी रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी टिकवून ठेवलेली आहे. हार्फबझ दोहोंचे रूप एकच दाखविते, आणि तसेच तिने करावयास हवे. परंतु शोध घेताना एक सापडते, दुसरे निसटते. आमच्या मजकुरात दोन टंकलेखकांनी दोन रीती वापरल्या होत्या, म्हणून अर्ध्या ऱ च्या प्रयोगांची पहिली मोजणी मला रद्द करावी लागली. कर्सरखालील चिन्हाचे वर्णन देणारी आज्ञा ईमॅक्समध्ये आहे. तिने अक्षराचे घटक उलगडून दाखविल्यावरच हा घोटाळा ध्यानात आला. आता शोधसूत्रात दोन्ही रूपे पर्याय म्हणून लिहितो, आणि मोजणी नव्याने चालू आहे.