दिलं आणि पोचलं : शाळेच्या अनुदानाचा हिशेब कोणाच्या बाजूने लिहिलाय?

लेण्याद्रीला तुम्ही गेला असाल तर बहुधा गिरिजात्मजाच्या दर्शनाला. गणपती आहे ते सातवं लेणं. त्याला लागून असलेलं सहावं लेणं म्हणजे चैत्यगृह. गर्दी तिकडे फारशी वळत नाही. तिथे एका ओळीचा ब्राह्मी लेख आहे. आशय एवढाच : कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिलेलं चैत्यगृहाचं धर्मदान. ‘हेरणिक’ हे कोणी नाव मानतात, तर कोणी ‘हैरण्यिक’ म्हणजे सोनार किंवा खजिनदार असा अर्थ लावतात.

जुन्नर परिसरातले इतर लेखही असेच आहेत. एका शक उपासकाने कोनाचिक नावाच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, जमीन ठेव म्हणून दिली. २० निवर्तनं करंजाची झाडं लावायला, ९ निवर्तनं वडाची. देणारा कोण, काय दिलं, कशासाठी, कोणाकडे ठेवलं, सगळं दगडात.

पण झाडं लागली का? कधी लागली? लेख गप्प आहे. कारण तो देणाऱ्याचा लेख आहे. ‘दिलं’ हे तो सांगतो, ‘पोचलं’ हे सांगत नाही.

आजची पोस्ट सरकारी शाळांच्या वार्षिक अनुदानावर आहे, आणि माझं म्हणणं थोडक्यात हे : आपली अनुदानाची व्यवस्था गेल्या काही वर्षांत कितीतरी सुधारली, संगणकावर आली, पण तिचे हिशेब अजून देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले आहेत. घेणाऱ्या शाळेच्या बाजूने लिहायचा रकानाच नाही.

कोणतं अनुदान?

झेडपी शाळेचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे पगार. तो वेगळ्या वाटेने, शालार्थ प्रणालीतून होतो. पोषण आहार वेगळा, पाठ्यपुस्तकं आणि गणवेश वेगळे. शाळेला ‘शाळा म्हणून’ जे थोडे पैसे मिळतात ते म्हणजे समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. खडू, वीजबिल, पाणी, बंद पडलेल्या वस्तूंची बदली, किरकोळ दुरुस्ती, सगळं यातून. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि महाराष्ट्राचा ४०. राज्यात ती महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत चालते.

२०१८ मध्ये समग्र शिक्षा सुरू झाली तेव्हा हे अनुदान २५,००० ते १ लाख रुपये असं जाहीर झालं होतं. २०२१ च्या सुधारित आराखड्यात टप्पे असे झाले : पट ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख.

आता कुकडीच्या खोऱ्यात, घाटाच्या बाजूला, एक शाळा आहे असं धरा. पट १९, दोन शिक्षक, दोन खोल्या. ही शाळा मी उदाहरणापुरती बनवली आहे, पण पश्चिम जुन्नर किंवा आंबेगावात तुमचं कोणी शिक्षक असेल तर अशा चार शाळांची नावं तुम्हीच सांगाल. तिला वर्षाला १०,००० रुपये. पटावर ३१ मुलं असती तर २५,०००. म्हणजे ३० आणि ३१ यांच्यामधल्या एका मुलाची किंमत १५,००० रुपये.

या टप्प्यांच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो मांडायलाच हवा. दर मुलामागे पाहिलं तर लहान शाळेलाच जास्त मिळतं. १९ पटाला मुलामागे साधारण ५२६ रुपये, २५० पटाला २०० आणि १,००० पटाला फक्त ७५. मग तक्रार कसली?

तक्रार अशी की खर्च मुलामागे होत नाही, इमारतीमागे होतो. पाऊस पट विचारून पडत नाही. पत्रा उडाला तर १९ मुलांसाठीही तेवढाच मोठा पत्रा लागतो. वीज, नळ, कुलूप, फळा, संडासाचं दार यांचं बिल पटाच्या प्रमाणात कमी होत नाही. वीजबिल थकलं म्हणून झेडपी शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत.

२०२१ ची सुधारणा आणि तिची चांगली बाजू

पूर्वी पैसे पायरीपायरीने खाली यायचे. केंद्र, राज्य, जिल्हा, तालुका, शाळा. प्रत्येक पायरीवर बँक खातं आणि प्रत्येक खात्यात काही ना काही पडून. एकीकडे सरकार व्याजाने कर्ज काढतंय आणि दुसरीकडे सरकारचेच पैसे असंख्य खात्यांत झोपलेत. ही अडचण खरी होती.

म्हणून केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने २३ मार्च २०२१ ला नवी पद्धत जाहीर केली आणि ती १ जुलै २०२१ पासून लागू झाली. प्रत्येक केंद्र पुरस्कृत योजनेसाठी राज्यात एकच नोडल एजन्सी, तिचं एकच खातं. खालच्या सगळ्यांना शून्य शिलकीची उपखाती किंवा खर्चाची मर्यादा, बोलीभाषेत ‘लिमिट’. मुख्याध्यापकाने पीएफएमएस या प्रणालीवर देयक तयार करायचं, मंजूर करायचं, आणि पैसे मधल्या खात्यातून थेट दुकानदाराच्या खात्यात. मुख्याध्यापकाच्या हातात रोख नाही, आणि प्रत्येक रुपयाचा माग लागतो. ही सुधारणा वाईट आहे असं मी म्हणत नाही. प्रश्न हा आहे की तिने कोणाची अडचण सोडवली.

व्याज कोणाला, वाट कोणाला?

दोन नियम शेजारी ठेवून पाहा.

पहिला : केंद्र आपला हिस्सा एकदम देत नाही. एका वेळी २५ टक्क्यांपर्यंत देतं, आणि आधी दिलेल्यातले किमान ७५ टक्के खर्च झाले की पुढचा हप्ता. हा खर्च राज्याचा मिळून मोजला जातो. म्हणजे आपल्या १९ पटाच्या शाळेने चोख काम केलं तरी तिची मर्यादा इतर जिल्ह्यांतल्या खर्चाच्या वेगावर अवलंबून. वर्गातल्या सगळ्यांनी डबा संपवल्याशिवाय तुला भाजी नाही, असा हा प्रकार.

दुसरा : केंद्राचा हिस्सा नोडल खात्यात वर्ग करायला राज्याने ३० दिवसांपेक्षा जास्त लावले, तर उशिराच्या काळासाठी राज्याला वार्षिक ७ टक्के दराने व्याज भरावं लागतं. १ एप्रिल २०२३ पासून हे लागू आहे. हे व्याज केंद्राला मिळतं.

हा दुसरा नियम मला फार बोलका वाटतो. उशीर ही मोजता येणारी गोष्ट आहे आणि उशिराला किंमत असते, हे सरकारला पूर्ण मान्य आहे. पण ती किंमत केंद्र आणि राज्य यांच्यामधल्या उशिरालाच. त्याच नोडल खात्यापासून शाळेपर्यंत मर्यादा पोचायला सहा महिने लागले तर? तिथे ३० दिवस नाहीत, ७ टक्केही नाहीत. तोच दर लावला तर १०,००० रुपयांवर सहा महिन्यांचे ३५० रुपये होतात. रक्कम क्षुल्लक आहे. पण ती द्यावी लागली असती, तर उशीर कुठेतरी लिहिला गेला असता.

शाळेचं वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होतं, आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मर्यादा फेब्रुवारीत आली तर काय होतं ते कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा. जून ते जानेवारी खिशातून किंवा उधारीवर. मग मार्चएण्डला धावपळ : समितीचा ठराव, कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, दुकानदाराच्या खात्याची पीएफएमएसवर नोंदणी, देयक, बँक. गावातला गवंडी ही कागदपत्रं देऊ शकत नाही, म्हणून काम तालुक्याच्या बाजारातल्या दुकानाकडे. आणि आर्थिक वर्ष संपलं की न वापरलेली मर्यादा शाळेच्या हातात राहत नाही.

वरच्या अहवालात मात्र हे कसं दिसतं? ‘खर्च झाला’ असं. जुलैत लागणारा पत्रा जुलैत आला की मार्चमध्ये, दोन्हीची नोंद एकच. उपयोगिता प्रमाणपत्रात रक्कम असते. मर्यादा शाळेला कोणत्या दिवशी मिळाली, हे त्यात नसतं.

‘मिळालेलं’ म्हणजे काय?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. तिच्या कामांपैकी एक : मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणं.

शब्द पाहा. ‘मिळालेल्या’. २००९ मध्ये अनुदान खरंच मिळायचं, पासबुकात दिसायचं. समितीच्या अध्यक्ष असलेल्या ताईंना बाकी काही कळलं नाही तरी पासबुकातली तारीख आणि आकडा वाचता यायचा. शून्य शिलकीच्या खात्यात वाचण्यासारखं काही नसतं. शिल्लक शून्यच असणार, नावच ते आहे. मर्यादा दिसते ती लॉगिन असलेल्याला. आणि मर्यादा आली, वापरायच्या आत गेली, तर कायद्याच्या भाषेत अनुदान ‘मिळालं’ तरी का? समितीने लक्ष कशावर ठेवायचं? कायदा बदलला नाही. कायद्याने समितीला दिलेली खिडकी मात्र बंद झाली, आणि ती कोणी मुद्दाम लावली असंही नाही. हिशेबाची पद्धत बदलताना समितीचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही, एवढंच.

युगांडाची गोष्ट, पूर्ण

शालेय अर्थकारण शिकणाऱ्या प्रत्येकाला युगांडाचं उदाहरण शिकवतात. रिट्वा राइनिका आणि याकोब स्वेन्सन यांनी तिथल्या शाळांच्या अनुदानाचा माग काढला. सरकारी कागदावर पैसे पूर्ण दिलेले. शाळांत जाऊन विचारलं तेव्हा १९९१ ते १९९५ या काळात सरासरी फक्त १३ टक्के पोचलेले. मग सरकारने जिल्ह्यांना दिलेल्या रकमा वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांनी मिळालेली रक्कम फलकावर लावायची असं ठरलं. २००१ पर्यंत प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं. पॉल हबर्ड यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की त्याच काळात तिथे इतर आर्थिक सुधारणाही चालू होत्या. सगळं श्रेय वर्तमानपत्राला देता येत नाही. मला हा आक्षेप पटतो. फलक लावला की चमत्कार होतो, असं मी म्हणणार नाही.

पण या अभ्यासातला एक धडा आक्षेपानंतरही टिकतो : गळती सापडली ती शाळेत जाऊन विचारल्यामुळे. देणाऱ्याच्या वहीत ती कधीच दिसली नसती. आपल्याकडे २००९ पासून झालेल्या ‘पैसा’ सर्वेक्षणांनीही हेच केलं. शाळेत जाऊन विचारलं, कोणतं अनुदान आलं आणि कधी आलं. उशीर दिसला तो असा. आज आपल्याकडचा प्रश्न युगांडासारखा गळतीचा नसेलही. आपला प्रश्न वेळेचा आहे, आणि वेळ मोजणारा रकाना आपल्या वहीत नाही.

मग काय हवं?

नवी योजना नको, नवं ॲपही नको. मर्यादा कधी दिली, कधी काढली याची नोंद प्रणालीत आपोआप होत असणारच. ती शाळानिहाय जाहीर करा. आणि शाळेच्या दर्शनी भागात चार ओळी लिहा : मंजूर किती, मर्यादा मिळाल्याची तारीख, खर्च किती, परत किती गेले. समितीच्या बैठकीत त्या चार ओळी वाचून दाखवा. ३० दिवसांचा नियम राज्याला लागतो, तसा शाळेच्या बाजूनेही लागू करता येईल.

हे महत्त्वाचं का, तर लहान शाळांचं भवितव्य सध्या कागदावर ठरतंय. २०२३ मध्ये पानशेतचं उदाहरण समोर ठेवून कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. त्या वादाच्या दोन्ही बाजूंवर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. पण एखादी शाळा ‘चालत नाही’ असं ठरवण्याआधी तिला तिचे १०,००० रुपये कोणत्या महिन्यात मिळाले, एवढं तरी माहीत असावं ना? जिला पावसाळ्याचे पैसे उन्हाळ्यात मिळतात, तिची गळकी खोली हा शाळेचा दोष म्हणून मोजला जातो.

तुमचं मूल, भाचा, पुतणी झेडपी शाळेत असेल तर पुढच्या पालक सभेत एकच प्रश्न विचारून बघा : ‘सर, यंदाचं अनुदान किती तारखेला आलं?’ मुख्याध्यापकांना दोष देण्यासाठी विचारू नका. बहुतेक वेळा त्यांनाच हा प्रश्न कोणीतरी विचारावा असं वाटत असतं.