राम सुतार, केकी मूस आणि ‘कलाकाराने धंदा शिकावा’ हा सल्ला

चित्रकलेचा डिप्लोमा झालेल्या मुलामुलींना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. नुसतं चित्र काढून भागत नाही, स्वतःला विकायलाही शिका. पोर्टफोलिओ करा, इन्स्टाग्रामवर नियमित टाका, किंमत ठरवायला शिका, स्वतःचा ब्रँड उभा करा. यासाठी कार्यशाळा आहेत, ऑनलाइन कोर्स आहेत, पुस्तकं आहेत. इंग्रजीत तर हा प्रकार बराच जुना आहे. कॅरॉल मिशेल्स यांचं कलाकारांनी तगून कसं राहायचं हे सांगणारं पुस्तक १९८३ सालचं आहे.

या लेखात मला या सल्ल्याची चिकित्सा करायची आहे. तुमच्यापैकी जे पीएच.डी.साठी कला, शिक्षण किंवा वाणिज्य या भागात विषय शोधताहेत, त्यांना यातून प्रश्न घडवायची एक रीतही दिसेल.

आधी सल्ल्याची बाजू घेऊ. तो खोटा नाही. धुळ्यात किंवा जळगावात पाच वर्षं कला शिकलेल्या विद्यार्थ्याला बऱ्याचदा साधं कोटेशन लिहिता येत नाही. ॲडव्हान्स किती मागायचा, काम दोनदा बदलून मागितलं तर जादा पैसे कसे लावायचे, बिल कोणाच्या नावाने करायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. हे शिकवायलाच हवं.

अडचण पुढे आहे. या प्रशिक्षणाचा पुरावा काय, असं विचारलं की समोर येतात यशोगाथा. अमक्याने असं केलं, तो मोठा झाला, तुम्हीही करा. संशोधनाच्या भाषेत हा ‘सर्व्हायव्हरशिप बायस’: जे तगले त्यांचाच नमुना घ्यायचा आणि त्यावरून सगळ्यांसाठी नियम काढायचा. खानदेशातल्याच दोन मोठ्या नावांवर हे तपासून पाहू.

गोंदूर ते नोएडा

राम सुतार यांचा जन्म १९२५ सालचा, धुळ्याजवळच्या गोंदूर गावचा. गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी त्यांना मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे वळवलं. १९५३ मध्ये तिथे त्यांना मेयो सुवर्णपदक मिळालं. १९५४ ते १९५८ ते पुरातत्त्व खात्यात होते आणि अजिंठा-वेरुळच्या मूर्तींच्या दुरुस्तीचं काम करत होते. मग दिल्लीत माहिती व नभोवाणी मंत्रालयात थोडा काळ नोकरी, आणि ती सोडून स्वतंत्र काम. गांधीसागर धरणावरचं चंबळचं ४५ फुटी शिल्प, संसदेच्या आवारातला ध्यानस्थ गांधींचा पुतळा, आणि २०१८ मध्ये उद्घाटन झालेला १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा ही त्यांची कामं आपल्याला माहीत आहेत.

ही गोष्ट आपण कशी सांगतो? खेड्यातला गरीब मुलगा, जिद्द, मेहनत, जगातला सगळ्यात उंच पुतळा. खोटं यात काहीच नाही. पण आता यातला ‘गिऱ्हाईक’ शोधा. पुरातत्त्व खातं, मंत्रालय, धरण प्रकल्प, संसद, राज्य सरकार. जवळजवळ प्रत्येक वळणावर पैसे देणारं शासन आहे. स्वातंत्र्यानंतर देशाला पुतळे हवे होते, धरणांना स्मारकं हवी होती, आणि नेमक्या त्याच काळात हा माणूस तयार होऊन बाहेर पडला. शेवटच्या टप्प्यात तर साखळी आणखी लांबते. पटेल पुतळ्याचं मुख्य कंत्राट लार्सन अँड टुब्रोकडे होतं आणि ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतले गेले. शिल्पकार त्या साखळीतला एक महत्त्वाचा दुवा होता.

म्हणजे सुतारांकडून ‘स्वतःला विकायचं’ शिकायचं म्हटलं, तर खरा धडा निघतो तो शासकीय काम कसं मिळतं, टेंडर कसं वाचायचं, मोठ्या कंत्राटदाराखाली काम करताना करारात काय लिहून घ्यायचं, याचा. इन्स्टाग्राम त्यात कुठेच येत नाही.

चाळीसगावचं घर

दुसरं नाव केकी मूस (१९१२–१९८९). इंग्लंडमध्ये कमर्शियल आर्ट शिकून आलेला हा माणूस चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या घरात राहिला आणि पुढची अनेक दशकं फारसा बाहेर पडलाच नाही. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यातून मोठ्या निसर्गदृश्याचा भास उभा करणारी त्यांची टेबलटॉप छायाचित्रं जगभरच्या स्पर्धांत गाजली. त्यांचं घर आज कलादालन आहे.

लक्षात घ्या, धंद्यासाठीच शिकवली जाणारी कला हा माणूस शिकून आला होता, आणि तरी चित्रं विकून जगणारा कलाकार अशी त्यांची ओळख नाही. मग आपण त्यांच्याबद्दल काय सांगतो? पंजाब मेलची आख्यायिका. ती येईल म्हणून गाडीच्या वेळी दार उघडं ठेवणारा कलावंत. गोष्ट सुंदर आहे, पण ती आपल्याला एक प्रश्न विचारू देत नाही: फिल्म, फोटोचा कागद, रसायनं, परदेशी स्पर्धांचं टपाल, यांचा इतक्या वर्षांचा खर्च कशातून निघाला? घराचा आधार कोणाचा होता? हे विचारलं की त्यांचं मोठेपण कमी होत नाही. उलट, बाजारात न उतरता कला करायला काय लागतं हे समजतं.

एका गोष्टीत जिद्द आहे, दुसरीत विरह. दोन्ही सांगण्यांत पैसे देणारा गायब आहे. धंद्याच्या प्रशिक्षणातही नेमका तोच गायब असतो. तिथे सगळा भर कलाकाराने काय करावं यावर, आणि काम देणारा कोण, तो पैसे का देतो, केव्हा थांबवतो, यावर एखादंच सत्र.

मधले सगळे

सुतार आणि मूस ही दोन टोकं. मधे बहुसंख्य आहेत: ड्रॉइंगचे सर आणि पाट्या रंगवणारे पेंटर.

ड्रॉइंग टीचर हा आपल्याकडे कलाकाराचा सगळ्यात भरवशाचा पेशा होता. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग ए.टी.डी., मग शाळा. आज इंटरमिजिएटला मुलं बसतात त्यामागे दहावीच्या वाढीव गुणांचं कारण मोठं आहे: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. नोकरीच्या बाजूने पाहिलं, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर कलेसाठी ‘अंशकालीन निदेशक’ सांगितला आहे. एका बाजूला परीक्षेला मागणी, दुसऱ्या बाजूला शिकवणारा अर्धवेळ. अशा ठिकाणी ‘ब्रँड उभा करा’ हा सल्ला एका धोरणाचा प्रश्न एका माणसाच्या डोक्यावर ठेवतो. पेंटरचंही तेच. धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या फुले मार्केटमध्ये दुकानांवरच्या पाट्या बघा. फ्लेक्स आल्यावर हाताने अक्षरं काढणाऱ्याचं काम गेलं, ते त्याला स्वतःची जाहिरात जमली नाही म्हणून गेलं नाही.

जे शिकवायला हवं ते

एक उदाहरण देतो. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १७ नुसार कोणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो करून घेणारा. कलम ५३अ म्हणतं की मूळ चित्र पुढे दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला विकलं गेलं तर कलाकाराला त्यात वाटा मागता येतो. पण हा हक्क कलम १७ प्रमाणे पहिला मालक असलेल्यालाच. म्हणजे करार न करता ऑर्डर घेतली तर दोन्ही गेलं. एका ओळीच्या लेखी कराराने हे बदलतं. आपल्या कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा कलम ५७ चा हक्क मात्र कॉपीराइट गेल्यावरही राहतो. अमरनाथ सहगल यांच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच आधारावर पाच लाखांची भरपाई दिली. अशी दोन तासांची शिकवणी ब्रँडिंगच्या दोन दिवसांपेक्षा जास्त कामाची आहे, असं माझं मत आहे.

तुमच्या संशोधनासाठी

वाचायला दोन पुस्तकं घ्या. हॉवर्ड बेकर यांचं ‘आर्ट वर्ल्ड्स’ (१९८२) दाखवतं की कलाकृतीमागे साहित्य पुरवणारे, विकणारे, विकत घेणारे अशा अनेकांचं सहकार्य असतं. हान्स ॲबिंग यांचं ‘व्हाय आर आर्टिस्ट्स पुअर?’ (२००२) वेगळ्या बाजूने डोकं खाजवायला लावतं: मदत वाढली की कलेत येणारेही वाढतात, आणि गरिबी तशीच राहते. ॲबिंग नेदरलँड्समधली अनुदानं पाहून लिहितात. ते जसंच्या तसं खानदेशावर बसवू नका, तपासा.

मग विषय घडवा. ‘खानदेशातील कलाकारांच्या समस्या व उपाय’ असा विषय घेतलात तर शेवटी उपायांत ‘प्रशिक्षण द्यावे’ हेच लिहाल, कारण प्रश्नातच उत्तर बसलंय. त्याऐवजी असं विचारा: १९९० ते २०२० या काळात धुळे आणि जळगाव शहरांत चित्र-शिल्पाच्या कामाला पैसे कोणी दिले, आणि ते देणारे कसे बदलले? याला पुरावा सापडतो. नगरपालिका-महापालिकांचे पुतळ्यांचे ठराव, शाळांच्या पदमान्यता, स्थानिक दैनिकांतल्या निविदा, पेंटरांच्या बिलबुकं. मुलाखत घेताना ‘तुम्हाला काय अडचणी आल्या?’ असं विचारू नका. ‘शेवटची पाच कामं कोणी दिली, ठरले किती, मिळाले किती, कधी?’ असं विचारा. आणि ज्यांनी ब्रश सोडून दुसरा धंदा धरला त्यांनाही नमुन्यात घ्या. त्यांच्याशिवाय तुमचा तक्ता परत यशोगाथाच सांगेल.