उथळ पाण्याच्या समीकरणांची हद्द

बीडपासून सुमारे वीस किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार आहे. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे हे ठिकाण मराठवाड्यात सर्वांना परिचित आहे. पावसाळ्यात येथे पाणी खडकावरून वाहत येते, कड्यावरून कोसळते आणि पुढे पुन्हा ओढा होऊन चालू लागते. नद्या, कालवे, पूर आणि त्सुनामी यांच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या ‘उथळ पाण्याच्या समीकरणां’ची ताकद आणि उणिवा या एवढ्याशा वाटेवर समजून घेता येतात. या समीकरणांची स्तुती पुष्कळ होते, पण त्यांच्या मर्यादा बहुधा तळटीपेत जातात. आमच्या मते त्या आधी सांगायला हव्यात.

सँ-व्हनाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही समीकरणे १८७१ साली मांडली. त्यांत दोनच गोष्टी आहेत: पाणी नाहीसे होत नाही, आणि पाण्याचा संवेग बलाशिवाय बदलत नाही. गृहीतक असे, की पाण्याला उभ्या दिशेत त्वरण जवळजवळ नाही, त्यामुळे कोणत्याही बिंदूवरचा दाब केवळ वरच्या पाण्याच्या उंचीवर ठरतो. लहान लाटेचा वेग मग गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाइतका येतो. खोली १० सेंटिमीटर असेल तर हा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर. समुद्र ४ किलोमीटर खोल असेल तर सेकंदाला सुमारे २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटर! त्सुनामीची तरंगलांबी शंभर किलोमीटरहून अधिक असू शकते. तिच्या दृष्टीने महासागरही उथळच. ओढ्याला आणि महासागराला एकच सूत्र लागू पडावे, हे या सिद्धांताचे मोठे यश आहे.

आता कड्याकडे येऊ. सपाट खडकावरून संथ वाहणारे पाणी काठावर पोहोचते तेव्हा पाण्याचा वेग आणि लाटेचा वेग सारखे होतात, असे सिद्धांत सांगतो. त्या वेळच्या खोलीला ‘क्रांतिक खोली’ म्हणतात. ती मोजली की दर मीटर रुंदीतून किती पाणी जाते हे लगेच काढता येते. परंतु काठावर पाणी खाली वळू लागलेले असते आणि धारेच्या खालच्या अंगालाही हवाच असते. म्हणजे उभे त्वरण आहे, आणि दाबाचे गृहीतक तेथे कोसळते. १९३६ साली हंटर राऊस यांनी प्रयोगाने दाखवले, की काठावरची खोली क्रांतिक खोलीच्या सुमारे ०.७१५ पट असते. हा फरक किरकोळ नाही. क्रांतिक खोली १० सेंटिमीटर असेल तर मीटरभर रुंदीतून सेकंदाला सुमारे ९९ लिटर पाणी जाते. काठावरची ७.१५ सेंटिमीटर खोली मोजून तीच क्रांतिक धरली, तर उत्तर येते ६० लिटर. पाण्याचा थेंबन् थेंब मोजावा लागणाऱ्या जिल्ह्यात हिशेबातले चाळीस टक्के पाणी नाहीसे होते, आणि आकडेमोडीत चूक मात्र कोठेच सापडत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. उतारावरून वेगाने आलेले पाणी पुढच्या संथ पाण्याला भेटते तेव्हा ते एकदम उसळून जाड होते. अभियंते याला ‘हायड्रॉलिक जंप’ म्हणतात. समजा, उसळीपूर्वी खोली ५ सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला २.१ मीटर आहे. संवेग अक्षय्य मानला तर उसळीनंतरची खोली सुमारे १९ सेंटिमीटर येते, ऊर्जा अक्षय्य मानली तर सुमारे २७. प्रवाह सलग असतो तोवर दोन्ही नियम एकमेकांशी जुळतात. उसळीपाशी त्यांची फारकत होते. कोणता पाळायचा? सलग प्रवाहासाठी लिहिलेली समीकरणे याबाबत गप्प आहेत. बेलांजे यांनी १८२८ साली ऊर्जेचा मार्ग धरला होता, आणि १८३८ साली तो सोडून संवेगाचा धरला. निसर्गात १९ हेच उत्तर मिळते. आपल्या उदाहरणात सुमारे पाव ऊर्जा भोवऱ्यांत खर्च होते. संथ पाणी आपोआप उथळ आणि वेगवान होण्याची उलटी ‘उसळी’ही संवेगाच्या नियमात बसते, पण तिला ऊर्जा फुकट मिळावी लागेल. म्हणून ती बाद. हा निवाडा भौतिकशास्त्र करते.

असे प्रश्न केवळ कागदावरचे नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात हाहाकार झाला. धरणफुटीचे पाठ्यपुस्तकी उत्तर रिटर यांनी १८९२ साली दिले: कोरड्या तळावर पुराचे तोंड लाटेच्या वेगाच्या दुपटीने धावते. मात्र त्यात भिंत क्षणात नाहीशी होते आणि तळाला घर्षण नसते. मातीच्या धरणात भगदाड हळूहळू रुंदावते, आणि घर्षण पुराच्या तोंडाला सर्वाधिक अडवते. पुराचा नकाशा रंगीत आहे म्हणून तो खरा मानू नये. त्यामागची गृहीतके आधी विचारावीत.

लोकविज्ञानाच्या पुस्तकांनाही हे लागू आहे. नळाची धार बेसिनमध्ये पडते तेव्हा तिच्याभोवती उमटणारे कडे हे या उसळीचे घरगुती उदाहरण म्हणून दाखवले जाते. २०१८ साली केंब्रिजच्या संशोधकांनी मांडले, की एवढ्या पातळ थरात गुरुत्वापेक्षा पृष्ठताण निर्णायक ठरतो. यावर वादही झाला. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा; साबणाचे पाणी घालून कडे सरकते का, हेही पाहावे. मात्र सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांना विचारावे: हे सूत्र येथे लागू आहे, हे कशावरून?