सीमा, निधी आणि स्वायत्तता : दक्षिण आशियातील स्वतंत्र कलासंस्थांच्या सहकार्याची चिकित्सा

प्रस्तावना

कलेच्या आश्रयाची चर्चा मराठीत सामान्यतः राजाश्रय आणि लोकाश्रय या दोन संज्ञांभोवती होत आली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या दोहोंत न बसणारा एक तिसरा आश्रय उदयास आला. तो म्हणजे परदेशी प्रतिष्ठानांचे अनुदान. शासनाच्या अकादमीत न सामावलेल्या आणि तिकीटविक्रीवर किंवा चित्रविक्रीवर उभ्या न राहणाऱ्या स्वतंत्र कलासंस्थांना या आश्रयाने बळ दिले. दोन देशांतील अशा संस्था एकत्र येतात तेव्हा या निधीचे स्वरूप निर्णायक ठरते. प्रस्तुत लेखात दक्षिण आशियातील दृश्यकला व रंगभूमी या क्षेत्रांतील काही उदाहरणांच्या आधारे या निधीव्यवस्थेची चिकित्सा केली आहे.

शेजाऱ्यांची भेट, तिसऱ्याचा पैसा

ब्रिटिश शिल्पकार अँथनी कॅरो आणि रॉबर्ट लोडर यांनी १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ट्रँगल कार्यशाळा सुरू केली. कलावंतांनी काही दिवस एकत्र राहावे, काम करावे, आणि विक्रीचा वा प्रदर्शनाचा दबाव त्यांच्यावर नसावा, एवढीच तिची साधी कल्पना होती. याच प्रेरणेतून १९९७ मध्ये दिल्लीजवळच्या मोदीनगर येथे 'खोज'ची पहिली कार्यशाळा भरली. पुढील काही वर्षांत कराचीत 'वासल', कोलंबोत 'थीर्था' आणि ढाक्यात 'ब्रिट्टो' या कलावंतांनीच चालविलेल्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांचे परस्परांशी जाळे विणले गेले आणि फोर्ड फाउंडेशनसारख्या प्रतिष्ठानाचे साहाय्यही त्याला लाभले.

या जाळ्याचे महत्त्व निर्विवाद आहे. फाळणीनंतर एकमेकांचे समकालीन काम केवळ छापील पुस्तिकांतून पाहणाऱ्या कलावंतांना एका छताखाली काम करता आले. तथापि येथे एक विसंगतीही लक्षात घ्यावी लागते. दिल्ली आणि लाहोर यांत सुमारे चारशे किलोमीटरचे अंतर आहे. परंतु या दोन शहरांतील कलावंतांची भेट घडविणारा पैसा न्यूयॉर्क, लंडन किंवा ॲमस्टरडॅमहून यावा लागतो. शेजाऱ्यांचा संवाद दूरच्या दात्याच्या धोरणावर अवलंबून राहतो. दात्याची प्राथमिकता बदलली की संवादाचे भवितव्यही बदलते. २०१५ मध्ये फोर्ड फाउंडेशनने आपले कार्य विषमतेच्या प्रश्नावर केंद्रित करण्याचे जाहीर केले. तो निर्णय त्या प्रतिष्ठानाच्या दृष्टीने सयुक्तिक असेलही. पण त्यात या प्रदेशातील कलावंतांना मत असण्याचा प्रश्नच नव्हता.

'आरपार' : अल्प खर्चाचे सौंदर्यशास्त्र

निधी आणि कलाकृतीचे रूप यांचा संबंध किती निकट असतो, हे 'आरपार' या उपक्रमात दिसते. मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानच्या हुमा मुलजी या दोन चित्रकर्तींनी तो २०००मध्ये सुरू केला; २००२ आणि २००४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या झाल्या. डिसेंबर २००१ मधील संसदेवरील हल्ल्यानंतर दोन्ही देशांची सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी होती. रेल्वे आणि विमानसेवा खंडित झाली होती. अशा वर्षी कलावंतांनी आपल्या प्रतिमा ई-मेलने पलीकडे पाठविल्या. तेथे त्या साध्या भित्तिपत्रकांच्या रूपात छापून रस्त्यावर वाटण्यात आल्या.

या उपक्रमाचे मोल केवळ सद्भावनेच्या निकषावर ठरविणे अपुरे होय. येथे माध्यमाची निवडच आशय होते. माणूस जाऊ शकत नाही, मूळ कलाकृती जाऊ शकत नाही. जाऊ शकते ती केवळ प्रत. प्रत स्वस्त असते, हातात पडते, भिंतीवर चिकटते आणि फाटूनही जाते. कलादालनात न येणारा माणूस तिचा पहिला प्रेक्षक ठरतो. अभाव येथे रचनातत्त्व बनला आहे.

मात्र यातून 'पैसा नसला तरी कला मार्ग काढतेच' असा निष्कर्ष काढणे घातक आहे. एका आवृत्तीसाठी काटकसर हा शैलीचा भाग ठरू शकते. दशकभर चालणाऱ्या सहकार्याला जागेचे भाडे, हिशेबनीस आणि पत्रव्यवहार करणारी व्यक्ती लागतेच. प्रकल्पनिहाय अनुदान नेमके हेच देत नाही. ते कार्यक्रमाला पैसा देते. कार्यक्रमांच्या मधल्या काळात संस्था जिवंत ठेवण्याचा खर्च मात्र संस्थेवरच सोडते.

कायद्याची चौकट

भारतात परदेशी देणगीचे नियमन १९७६च्या आणि त्यानंतर २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याने होत आले आहे. सांस्कृतिक कार्यक्रम असलेल्या संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक आहे. परदेशी पैशाच्या हेतूची छाननी करण्याचा सार्वभौम राष्ट्राचा अधिकार नाकारता येत नाही. दात्याच्या अजेंड्याविषयीची शंका केवळ शासनाचीच नाही, ती रुस्तम भरुचांसारख्या अभ्यासकांनी आंतरसांस्कृतिक रंगभूमीच्या संदर्भात सत्तेच्या विषमतेचा प्रश्न उपस्थित करून वेगळ्या दिशेने मांडली आहे.

प्रश्न आहे तो नियमनाच्या परिणामांचा. २०२०च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेले विदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण मनाई केली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. पहिली तरतूद जाळ्याच्या मुळावरच येते. मोठ्या संस्थेने अनुदान मिळवून लहान गावातील गटापर्यंत पोहोचविणे हाच जाळ्याचा कार्यमार्ग होता. दुसरी तरतूद प्रकल्पनिहाय अनुदानाचा दोष अधिक गडद करते. मोठ्या वास्तू वा यंत्रसामग्री नसलेल्या कलासंस्थेत माणूस हीच गुंतवणूक असते. त्याचे वेतन आणि कार्यालयाचे भाडे प्रशासकीय सदरात गेले की वीस टक्क्यांची मर्यादा लवकर गाठली जाते.

देशांतर्गत पर्यायाची मर्यादा

परदेशी निधीला पर्याय म्हणून उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीकडे बोट दाखविले जाते. २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचा समावेश आहे, हे खरे. परंतु नियमांनुसार देशाबाहेरील कार्य या निधीत धरले जात नाही. २०२१च्या दुरुस्तीत त्याला एक अपवाद आहे, तो खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. खेळाडूने सीमा ओलांडणे राष्ट्रहिताचे मानले जाते. चित्रकाराने वा नटाने ती ओलांडण्याचे मोल नियमकर्त्यांनी तेथे धरलेले नाही.

शासकीय मंचाची मर्यादा आणखी वेगळी आहे. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेवरील तणावानंतर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या महोत्सवातील लाहोरच्या 'अजोका' संस्थेचा मंटोवरील प्रयोग रद्द झाला. त्याच सुमारास दिल्लीतील खाजगी अक्षरा थिएटरने तो प्रयोग घडवून आणला. स्वतंत्र संस्थेची गरज का असते, याचे याहून स्पष्ट उत्तर क्वचितच मिळेल. अर्थात रंगमंच असला तरी प्रवेशपत्र लागतेच. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांसाठी सार्क व्हिसा सवलत योजना बंद केली. अशा घटनांत बळी गेलेल्यांचे दुःख आणि त्यातून येणारा संताप यांना कलासंवादाच्या नावाखाली गौण ठरविता येणार नाही. संवाद थांबला तरी संवाद करू शकणाऱ्या संस्था टिकाव्यात, एवढीच किमान अपेक्षा ठेवता येते.

मराठी रंगभूमीचा अनुभव

हा प्रश्न मराठी रंगभूमीला परका नाही. सत्तरच्या दशकात विजया मेहता आणि पूर्व जर्मनीचे फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्यातून ब्रेख्तचे नाटक 'अजब न्याय वर्तुळाचा' या रूपात मराठीत अवतरले, रूपांतर चिं. त्र्यं. खानोलकरांचे होते. पुण्याच्या थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककार विकास योजना आणि प्रादेशिक नाट्यगट विकास योजना राबविल्या. दुसऱ्या योजनेकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. तिचा रोख एखाद्या प्रयोगावर नसून गटाच्या क्षमतेवर होता, आणि तिने जवळपास दशकाचा अवधी गृहीत धरला. निधी परदेशी असूनही राबविणारे हात आणि भाषा येथली होती. परदेशी पैसा म्हणजे परदेशी आशय, हे समीकरण या उदाहरणापुढे टिकत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, सीमापार सहकार्याचा मूळ प्रश्न निधीच्या रकमेपेक्षा त्याच्या रचनेचा आहे. प्रकल्पाऐवजी संस्थेला, एका वर्षाऐवजी अनेक वर्षांसाठी आणि एका दात्याऐवजी अनेकांकडून मिळणारा निधीच स्वायत्तता जपू शकतो. या रचनेत महाविद्यालयांचाही वाटा असू शकतो. मोदीनगरच्या कार्यशाळेला मुख्यतः राहण्याची व काम करण्याची जागा लागली होती; वसतिगृह, सभागृह आणि सुट्टीतील रिकाम्या वर्गखोल्या महाविद्यालयांकडे असतात. सामंजस्य करार फायलीत राहतात. दोन आठवड्यांची कार्यशाळा विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहते. राजाश्रय अटी घालतो, लोकाश्रय अपुरा पडतो आणि तिसरा आश्रय दूरचा आहे. अशा वेळी विद्याश्रयाचा विचार गांभीर्याने होणे आवश्यक आहे.