सातपुडा पलटणीचा लेखक

सेवाग्राम आणि पुलगाव ही दोन्ही गावे आमच्या वर्धा जिल्ह्यातच. एकीकडे गांधीजींचा आश्रम, दुसरीकडे लष्कराचे दारूगोळा भांडार. ३१ मे २०१६ च्या आगीनंतर या शेजाराचा विचार मनातून जाईना, आणि त्या नादात मी मनोहर माळगावकरांपर्यंत पोहोचलो. माझे इंग्रजी घरीच शिकलेले. शब्दकोश शेजारी ठेवून त्यांना वाचले.

माळगावकरांचा जन्म १९१३ चा. आधी शिकारी, मग कँटोन्मेंटचे अधिकारी, पुढे १९५२ पर्यंत लष्करात. मराठा लाइट इन्फन्ट्रीत ते लेफ्टनंट कर्नल झाले. त्यानंतर मँगनीजच्या खाणी, लोकसभा निवडणुकीतला पराभव आणि जगलबेटच्या रानातले घर. ‘डिस्टंट ड्रम’ ही पहिली कादंबरी १९६० साली आली, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. पलटणीचा कारभार आतून पाहिल्याची खूण तिच्यात पानोपानी दिसते.

कादंबरीतली पलटण काल्पनिक, पण नाव आपल्या ओळखीचे: सातपुडा. किरण गरुड आणि अब्दुल जमाल हे तिथले दोन मित्र फाळणीनंतर काश्मीरच्या आघाडीवर समोरासमोर येतात. देश वेगळे झाले तरी पलटणीचा शिरस्ता दोघांनाही सुटत नाही. हे माळगावकरांचे बळ. मर्यादाही तिथेच आहे. त्यांची नजर बहुधा ऑफिसर्स मेसमधून पाहते. ज्या मराठी जवानांबरोबर त्यांनी नोकरी केली, तशा जवानाच्या मनात काय चालते, हे या कादंबरीत फारसे उमगत नाही.

१९६४ च्या ‘अ बेंड इन द गँजेस’मध्ये ते अधिक अवघड प्रश्नाला भिडतात. विदेशी कापडाच्या होळीने सुरू होणाऱ्या या कथेत गांधीजींच्या प्रभावाखालचा ग्यान भावाच्या खुनाचा सूड घेतो आणि अंदमानला जातो. माळगावकर अहिंसेची टिंगल करत नाहीत. ती किती जणांच्या अंगी खरोखर मुरली होती, एवढेच विचारतात. सेवाग्रामच्या सावलीत हा प्रश्न मला टाळता आला नाही.

इंग्रजीत लिहिले म्हणून मराठी समीक्षेने त्यांना परके मानले. यात नुकसान आपलेच आहे. त्यांची उणीव नीट वाचली असती, तर मराठी जवानाची कादंबरी कुठून सुरू करावी, हे आपल्याला कळले असते.